तीन बांगडे

शॅडवेलच्या धक्क्यावरून वर आलं
की डाव्या हाताला 'तीन बांगडे'.
दारावरच्या फळीतले मासे धुराने इतके काळे
की नवखा खलाशी विचारायचा,
ही कोळशाची पोती का टांगलीत?

मी तिथे रेघा ओढायचे.
नाव टॅबिथा, वय अकरा,
मामाच्या, म्हणजे ऑबडाया क्राउचच्या, पदरी.
भिंतीला टेकवलेली माझ्याएवढी पाटी,
दर हमालाला एक रकाना,
आणि माझ्या मुठीत खडू.

गलबतांतून कोळसा उपसणारे सोळाजण.
मजुरी मामाच्या हातून, शनिवारी.
शनिवार म्हणजे दुपार नव्हे, संध्याकाळ नव्हे;
दुसरी मेणबत्ती विझायला आली की शनिवार.
तोवर बसायचं,
बसायचं म्हणजे प्यायचं.
कोरड्या घशाने बसलेल्याला
सोमवारी फावडं मिळत नसे.

आणि एकट्याने पिणं म्हणजे तर चोरीच.
थ्रॉलने टीगला पाजायची, टीगने पेंडरला,
पेंडरने उठून पुन्हा थ्रॉलला.
एक पेला राजाच्या तब्येतीसाठी,
एक राणीच्या,
एक होऊ घातलेल्या राजपुत्राच्या.
राजवाड्यातला वैद्यसुद्धा
इतक्या वेळा चौकशी करत नसेल.

काळ्या दगडावरची रेघ, म्हणतात लोक,
पुसत नाही म्हणून.
मी सांगते, ओल्या बाहीने पुसते.
फक्त बाही मालकाची लागते.

मामाने पहिल्याच आठवड्यात शिकवलं:
चार पेल्यांना पाच रेघा.
"पाचवी आडवी टाक, मोळी बांधल्यासारखी.
बांधलेल्या मोळीत काटक्या कोण मोजतंय?"

कॉर्मॅक टीग मोजायचा.
त्याच्या पोटात काहीतरी जळत असे,
पोर्टरचा घोट गेला की धोतऱ्याच्या फुलासारखा पांढरा पडे.
म्हणून तो कथलाचा पेला रिकामाच उचलायचा,
सगळ्यांबरोबर ओरडायचा, ओठ पुसायचा.
मला दिसायचं. मला दिसतं हे त्याला दिसायचं.
मी तरी रेघ ओढायचे,
आणि तो माझ्याकडे बघून
हलकेच मान हलवायचा,
जणू मीच त्याला वाचवत होते.
कदाचित वाचवतही असेन.
अजून ठरवता आलेलं नाही.

फेब्रुवारीत फळी ओली होती.
सुंदरलंडच्या गलबतात तो पोत्यासकट खाली गेला.

त्या रात्री पंधराजण जसे प्यायले
तसे मी पुन्हा कधी कुणाला पाहिलं नाही.
थ्रॉल रडला, पेंडरने बाक मोडला,
टीगच्या नावाने पेला, टीगच्या आईच्या नावाने पेला,
आणि सगळ्या रेघा, मामाच्या बोटाखाली,
टीगच्याच रकान्यात.
"त्याच्यासाठीच पितायत ना?"

मी त्या पुसल्या असं सांगायला आवडलं असतं.
मी पुसल्या नाहीत.

मंगळवारी होनोरा आली.
तिला अक्षर येत नव्हतं, मोजता येत होतं;
पाटीपुढे उभी राहून
मोळ्यांमधली एकेक काटकी
बोटाने वेगळी केली.
मग एप्रनच्या गाठीतून
कॉर्मॅकची शेवटची मजुरी काढली,
मामानेच तासाभरापूर्वी दिलेली,
आणि नाणं नाणं करत
फळ्यावर नव्हे, थेट मामाच्या तळहातावर ठेवली.
दोन पेन्स उरले.

तेही तिने ठेवले. म्हणाली, "एक पोर्टर."
उभ्यानेच प्यायली, न थांबता, फेसासकट,
पेला उलटा करून थेंब जमिनीवर पाडला,
आणि माझ्याकडे वळून:
"आता ओढ. या रकान्यातली
ही एक खरी आहे."

मी ओढली.
हात कापत होता, वाकडी आली.

मामा म्हणाला, सरळ काढ.